पाँपिदू केंद्र

पाँपिदू केंद्र हे फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील एक सार्वजनिक सांस्कृतिक केंद्र आहे. शहराच्या चौथ्या नगरविभागातील बोबूर भागात ते वसलेले असून ३१ जानेवारी १९७७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आधुनिक व समकालीन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय, सर्वांना खुले असलेले मोठे ग्रंथालय, चित्रपटगृहे, रंगमंच, मुलांसाठी कार्यशाळा आणि संगीतसंशोधन संस्था अशा एरवी वेगवेगळ्या ठिकाणी असणाऱ्या संस्था या केंद्रात एकत्र आणण्यात आल्या. इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो आणि ब्रिटिश वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांनी जानफ्रांको फ्रांकिनी यांच्यासह या इमारतीचा आराखडा केला. संरचनेचे काम ओव्ह अरुप यांच्या अभियांत्रिकी संस्थेकडे होते.

इमारतीचा सांगाडा, नळ, वायुवाहिन्या व सरकते जिने बाहेरच्या बाजूस उघडे ठेवलेले असल्याने ही वास्तू जगभर ओळखली जाते. तथापि हे बाह्यरूप हा आराखड्याचा मूळ हेतू नव्हता. कलेशी किंवा विद्वत्तेशी विशेष संबंध नसलेल्या सामान्य नागरिकाला रस्त्यावरून सहज आत येता यावे, ही त्यामागील मुख्य कल्पना होती. चौक, मोकळे मजले, बाहेरून वर जाणारा जिना आणि सभासदत्वाविना वापरता येणारे ग्रंथालय या सर्व गोष्टी त्या कल्पनेतून आल्या. त्यांपैकी काही पुढे टिकल्या, तर काही बदलल्या. त्यामुळे शहरातील सार्वजनिक सांस्कृतिक वास्तूंच्या चर्चेत या केंद्राचा उल्लेख नेहमी केला जातो.

## नाव

केंद्राचे अधिकृत नाव ‘जॉर्ज पाँपिदू राष्ट्रीय कला व संस्कृती केंद्र’ असे आहे. ज्यांच्या पुढाकाराने ते उभारले गेले ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांचे २ एप्रिल १९७४ रोजी पदावर असतानाच निधन झाले. त्यांना ही इमारत पूर्ण झालेली पाहता आली नाही. पॅरिसमधील रहिवासी मात्र केंद्राला त्या भागाच्या नावावरून ‘बोबूर’ असेच म्हणतात.

## पार्श्वभूमी

### बोबूरची जागा

केंद्राची जागा पॅरिसच्या जुन्या वस्तीत, एका बाजूला ले आल हा बाजार आणि दुसऱ्या बाजूला मारे हा ऐतिहासिक भाग यांच्यामध्ये आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे दाट, अंधारी आणि क्षयरोगाने ग्रासलेली वस्ती होती. पॅरिसच्या प्रशासनाने तिची नोंद आरोग्यास अपायकारक वस्ती म्हणून केली होती. १९३०च्या दशकात ती पाडण्यात आली. त्यानंतर ही मोकळी जागा अनेक वर्षे मुख्यतः वाहनतळ म्हणून वापरली जात होती. ले आलच्या घाऊक बाजारात भाजी, मांस व मासळी घेऊन येणाऱ्या मालमोटारी येथे उभ्या राहत.

१९६९ मध्ये हा बाजार शहराबाहेर रुंजिस येथे हलवण्यात आला. १९७१ मध्ये बाजारातील एकोणिसाव्या शतकातील लोखंडी मंडप पाडण्यास प्रारंभ झाला. त्यास पॅरिसमध्ये तीव्र विरोध झाला. श्रमिकांचा आणि किरकोळ व्यापाऱ्यांचा राबता असलेला भाग रिकामा होत असतानाच त्याच्या शेजारी एक नवे सांस्कृतिक केंद्र उभे राहणार होते. या योजनेविषयी स्थानिक लोकांच्या मनात असलेल्या संशयाला ही पार्श्वभूमी होती.

### सांस्कृतिक धोरण

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये संस्कृतीचा लाभ सर्वांना मिळावा हे शासकीय धोरण बनले. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी १९६०च्या दशकात निरनिराळ्या शहरांत संस्कृतिगृहे उभारण्यास सुरुवात केली. मात्र १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय व आलँ दार्बेल यांनी प्रसिद्ध केलेल्या युरोपीय संग्रहालयांच्या अभ्यासातून एक अडचण पुढे आली. संग्रहालयात कोण जाते हे मुख्यतः शिक्षणावर अवलंबून असून केवळ प्रवेशशुल्क कमी केल्याने नवा प्रेक्षक येत नाही, असे त्या अभ्यासाचे म्हणणे होते. मे १९६८ च्या आंदोलनाने हाच प्रश्न अधिक तीव्रतेने मांडला.

याच सुमारास पॅरिसला एका मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाची गरज भासत होती आणि ते बोबूर येथे उभारण्याचा विचार चालू होता. पाँपिदू यांनी १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्षपद स्वीकारल्यानंतर त्याच जागी समकालीन कलेचे केंद्रही असावे असे ठरवले. चित्रकला, संगीत, चित्रपट आणि पुस्तके एकाच छताखाली असावीत, तसेच ते संग्रहालयाबरोबर नवनिर्मितीचेही स्थान असावे, अशी त्यांची भूमिका होती. ग्रंथालयात आलेला वाचक त्याच इमारतीत चित्रेही पाहील, हा त्यामागील विचार होता.

## वास्तुरचना स्पर्धा

केंद्राच्या आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय खुली स्पर्धा घेण्यात आली. तीत ४९ देशांतून ६८१ आराखडे आले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष जाँ प्रूव्हे हे होते. प्रूव्हे यांच्याकडे वास्तुविशारदाची पदवी नव्हती. धातूचे काम करणारे कारागीर म्हणून त्यांनी आपल्या कामाची सुरुवात केली होती. ब्राझीलचे ऑस्कर नीमायर आणि अमेरिकेचे फिलिप जॉन्सन हे वास्तुविशारद, तसेच अॅमस्टरडॅमच्या नगर संग्रहालयाचे माजी संचालक विलेम सँडबर्ग हे मंडळाच्या सदस्यांपैकी होते.

जुलै १९७१ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा पियानो ३३ वर्षांचे आणि रॉजर्स ३७ वर्षांचे होते. दोघेही त्या वेळी फारसे परिचित नव्हते. अरुप संस्थेतील अभियंता टेड हॅपोल्ड यांनी त्यांना स्पर्धेत उतरण्यास सुचवले होते. एका राष्ट्राध्यक्षाच्या नावाशी जोडले जाणारे स्मारक उभारण्याच्या कल्पनेस रॉजर्स यांचा सुरुवातीस विरोध होता.

त्यांच्या आराखड्यावर ब्रिटिश वास्तुविशारद सेड्रिक प्राइस यांच्या ‘फन पॅलेस’ या योजनेचा प्रभाव दिसतो. नाट्यदिग्दर्शिका जोन लिटलवूड यांच्यासह प्राइस यांनी १९६०च्या दशकात ही योजना लंडनसाठी आखली होती. लोकांच्या गरजेनुसार जिचे भाग हलवता येतील अशी ती वास्तू होती, पण ती कधीच बांधली गेली नाही.

## आराखडा

### चौक

सुमारे दोन हेक्टरांच्या भूखंडापैकी जवळजवळ अर्धी जागा पियानो व रॉजर्स यांनी मोकळी ठेवली. संपूर्ण इमारत पूर्वेकडील भागात उभी करून तिच्यापुढे पश्चिमेस चौक योजण्यात आला. हा चौक सपाट नसून प्रवेशद्वाराकडे हळूहळू उतरत जातो. इटलीतील सिएना या शहराच्या मुख्य चौकाशी त्याची तुलना केली जाते. उतारामुळे चालणारा मनुष्य आपोआप इमारतीकडे वळतो आणि त्याच उतारावर बसून त्याला खेळ किंवा गाणे पाहता-ऐकता येते.

शासकीय इमारतींपुढे सामान्यतः पायऱ्या, स्तंभ व उंच दरवाजे असतात. येथे रस्ता आणि इमारत यांच्यामध्ये चढावी लागेल अशी एकही पायरी ठेवलेली नाही. जादूगार, गायक, विदूषक व रस्त्यावर चित्रे काढणारे कलाकार यांनी हा चौक उद्घाटनानंतर लगेचच आपलासा केला. चौकात येण्यासाठी तिकीट लागत नसल्यामुळे ज्यांनी संग्रहालयात कधी पाऊल ठेवले नाही अशा अनेकांसाठी ‘बोबूरला जाणे’ म्हणजे या चौकात येणे होय.

### मोकळे मजले

इमारत सुमारे १६६ मीटर लांब व ४२ मीटर उंच आहे. प्रत्येक मजल्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,५०० चौरस मीटर असून त्यावर मध्ये एकही खांब नाही. भिंती हलवून मजल्याची रचना हवी तशी बदलता यावी हा त्यामागील हेतू होता. पुढील पन्नास वर्षांत कला कोणते रूप घेईल किंवा लोक ग्रंथालय कसे वापरतील हे आज ठरवू नये, असे वास्तुविशारदांचे मत होते. स्पर्धेच्या आराखड्यात मजलेच वरखाली हलवता येतील अशी कल्पनाही होती. खर्च व तांत्रिक अडचणींमुळे ती सोडून देण्यात आली.

### संरचना

खांबांविना एवढा मोठा मजला धरून ठेवण्यासाठी अभियंता पीटर राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी सांगाडा योजला. इमारतीच्या दोन्ही लांब बाजूंस खांबांची एकेक रांग असून समोरासमोरील खांबांमध्ये ४८ मीटरांचे अंतर आहे. लांबीच्या दिशेने इमारतीत १३ गाळे असून प्रत्येक गाळा १२.८ मीटरांचा आहे. मजल्याचा भार पेलणाऱ्या कैचीच्या आकाराच्या तुळयांची लांबी ४४.८ मीटर आहे. तुळई खांबांपेक्षा आखूड असल्याने तिची दोन्ही टोके खांबांना टेकत नाहीत. हे अंतर ‘जर्बरेट’ नावाच्या ओतीव पोलादी भागाने जोडलेले आहे.

जर्बरेट हा भाग खांबावर तराजूच्या दांडीप्रमाणे बसवलेला असतो. त्याचा आतील आखूड हात तुळईचे टोक उचलून धरतो. बाहेरील लांब हाताचे टोक उभ्या पोलादी सळईने खाली जमिनीत ओढून धरलेले असते. आतील भाराने दांडी आत झुकू लागली की बाहेरची सळई तिला मागे खेचते आणि समतोल साधला जातो. या प्रत्येक भागाची लांबी सुमारे आठ मीटर व वजन सुमारे दहा टन आहे. अशी रचना वापरणारे एकोणिसाव्या शतकातील जर्मन अभियंता हाइनरिश गर्बर यांच्यावरून हे नाव पडले.

खांबाबाहेर गेलेल्या या लांब हातामुळे इमारतीच्या दोन्ही बाजूंस सुमारे सहा मीटर रुंदीची पट्टी मोकळी मिळाली. पश्चिमेकडील पट्टीत माणसांची ये-जा आणि पूर्वेकडील पट्टीत नळ व वाहिन्या ठेवण्यात आल्या. आतला मजला मोकळा राहण्याचे कारण हेच आहे.

ओतीव पोलादाचा वापर त्या काळच्या मोठ्या इमारतींत दुर्मीळ होता. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनातील भव्य छताचे ओतीव सांधे पाहून राइस यांना ही कल्पना सुचली. यंत्राने एकसारख्या कापलेल्या पट्ट्यांपेक्षा साच्यात ओतलेल्या भागावर तो घडवणाऱ्याचा हात दिसतो आणि त्यामुळे सामान्य माणसाला एवढ्या मोठ्या रचनेचे दडपण वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आगीपासून संरक्षणासाठी इमारतीचे मुख्य पोलादी खांब आतून पाण्याने भरलेले आहेत.

### वाहिन्या व रंग

इमारतीच्या पूर्वेकडील दर्शनी भागावर सर्व यंत्रणा उघड्या आहेत आणि त्या रंगांनी ओळखता येतात. हवेच्या वाहिन्या निळ्या, पाण्याचे नळ हिरवे, विजेची व्यवस्था पिवळी आणि माणसांच्या ये-जा करण्याशी संबंधित भाग, म्हणजे उद्वाहक व सरकते जिने, लाल आहेत. इमारत कशी चालते हे कोणालाही बाहेरून वाचता यावे असा या रंगयोजनेचा उद्देश होता. यंत्रणा बाहेर असल्याने दुरुस्तीसाठी आतील दालने फोडावी लागत नाहीत. परंतु ऊन, पाऊस व धूर यांचा थेट मारा होत असल्याने त्यांची झीज अपेक्षेपेक्षा लवकर झाली.

### सरकता जिना

चौकाकडील दर्शनी भागावर पारदर्शक नळीतून तिरकस वर जाणारा सरकता जिना हे केंद्राचे चिन्ह बनले आहे. आत जाण्याचा मुख्य मार्ग तोच आहे. वर जाताना प्रथम चौकातील माणसे, नंतर घरांची छपरे आणि शेवटी संपूर्ण पॅरिस शहर दिसू लागते. चौकातील लोकांनाही जिन्यावरून जाणारी माणसे सतत दिसत राहतात. उद्घाटनापासून १९९७ पर्यंत या जिन्याने वर जाऊन शहर पाहण्यास शुल्क लागत नसे.

### वगळलेले भाग

स्पर्धेतील आराखड्याप्रमाणे तळमजला मोकळा ठेवून चौक इमारतीखालूनही पुढे जाणार होता. चौकाकडील दर्शनी भागावर बातम्या, चित्रफिती व माहिती दाखवणारे भव्य पडदे लावण्याचीही योजना होती. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आल्या नाहीत. अग्निशमनाच्या नियमांनुसार सर्वांत वरचा मजला जमिनीपासून २८ मीटरांपेक्षा उंच असू शकत नव्हता. त्यामुळे इमारतीची उंचीही कमी करावी लागली. पडद्यांबाबत खर्चाबरोबरच राजकीय शंकाही होती. सार्वजनिक चौकातील एवढ्या मोठ्या पडद्यावर काय दाखवायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

## बांधकाम व विरोध

बांधकामाच्या संस्थेचे प्रमुख रॉबेर बोर्दाझ होते. ओतीव भाग जर्मनीतील क्रुप या उद्योगसमूहात तयार करण्यात आले. लांबलचक तुळया पॅरिसच्या रस्त्यांवरून रात्रीच्या वेळी आणल्या जात. काही फ्रेंच वास्तुविशारदांनी प्रकल्पाविरुद्ध न्यायालयात दावे दाखल केले. परदेशी व तुलनेने अननुभवी वास्तुविशारदांची निवड, जुन्या शहराच्या मध्यभागी यंत्रासारखी दिसणारी इमारत आणि तिचा खर्च हे आक्षेपाचे मुख्य मुद्दे होते. वृत्तपत्रांनी तिला ‘तेलशुद्धीकरण कारखाना’ म्हणून हिणवले.

पाँपिदू यांच्या निधनानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष व्हॅलेरी जिस्कार देस्तँ यांना हा प्रकल्प फारसा पसंत नव्हता आणि तो रद्द होण्याची शक्यता निर्माण झाली होती. पंतप्रधान जाक शिराक यांच्या आग्रहामुळे काम पुढे चालू राहिले. जानेवारी १९७५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने केंद्रास स्वतंत्र सार्वजनिक संस्थेचा दर्जा मिळाला. दोन वर्षांनी देस्तँ यांच्याच हस्ते उद्घाटन झाले आणि २ फेब्रुवारी १९७७ रोजी केंद्र लोकांसाठी खुले झाले.

## अंतर्गत संस्था

### सार्वजनिक माहिती ग्रंथालय

केंद्राच्या मूळ हेतूचे सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे हे ग्रंथालय. जाँ-पिएर सेगँ यांनी त्याची आखणी केली. येथे प्रवेशासाठी शुल्क, ओळखपत्र किंवा सभासदत्व लागत नाही. पुस्तके बंद कोठारात न ठेवता उघड्या फळ्यांवर ठेवलेली असून वाचक ती स्वतः घेतो. ती घरी नेता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पुस्तक नेहमी ग्रंथालयातच मिळते. पुस्तकांबरोबर नकाशे, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि भाषा शिकण्याची साधने यांनाही सारखेच स्थान देण्यात आले. सुमारे दोन हजार वाचकांची बसण्याची सोय आणि रात्री दहापर्यंतची वेळ यांमुळे दिवसा काम करणाऱ्यांनाही ग्रंथालय वापरता येऊ लागले.

येथे विद्यार्थ्यांची संख्या मोठी असली तरी बेघर, बेरोजगार आणि नव्याने फ्रान्समध्ये आलेले स्थलांतरित यांचाही नियमित वावर असतो. समाजशास्त्रज्ञ सेर्झ पोगाम व कामिला जोर्जेत्ती यांनी या वाचकांचा अभ्यास करून २०१३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कोणी ऊब मिळावी म्हणून, कोणी वृत्तपत्र वाचण्यासाठी, तर कोणी फ्रेंच भाषा शिकण्यासाठी येथे येतो. दारात ओळख विचारली जात नसल्यामुळे गरीब माणसाला इतरांसारखाच एक वाचक म्हणून बसता येते.

### राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय

पूर्वी तोक्यो प्रासाद या इमारतीत असलेले हे संग्रहालय १९७७ मध्ये येथे आले. त्याचे येथील पहिले संचालक स्वीडनचे पोंतुस हुल्तेन हे होते. त्यांनी पॅरिस व न्यू यॉर्क (१९७७), पॅरिस व बर्लिन (१९७८), पॅरिस व मॉस्को (१९७९) या शहरांच्या कलासंबंधांवर प्रदर्शने भरवली. त्यांत चित्रांबरोबर वास्तुकला, साहित्य, भित्तिपत्रके व रोजच्या वापरातील वस्तूही मांडलेल्या होत्या. १९७९-८० मधील साल्व्हादोर दाली यांच्या प्रदर्शनास आठ लाखांहून अधिक प्रेक्षक आले.

### इर्काम व इतर विभाग

संगीत व ध्वनिविषयक संशोधन करणारी ‘इर्काम’ ही संस्था संगीतकार पिएर बूलेझ यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. बाहेरील आवाज टाळण्यासाठी तिची दालने शेजारील चौकाखाली जमिनीत बांधलेली आहेत. त्या चौकात १९८३ मध्ये निकी द सँ फाल व जाँ तँगली यांनी घडवलेले स्त्राव्हिन्स्की कारंजे बसवण्यात आले. मुख्य चौकालगत शिल्पकार कॉन्स्तांतिन ब्रांकुसी यांची कार्यशाळा पुन्हा उभारण्यात आली असून तिची इमारतही पियानो यांची आहे. मुलांना साहित्य हाताळून कलेची ओळख व्हावी यासाठी मुलांची कार्यशाळा केंद्रात प्रारंभापासून आहे.

## नागरिकांचा वापर आणि टीका

दिवसाला सुमारे ८,००० लोक येतील असे गृहीत धरून केंद्राची आखणी झाली होती. प्रत्यक्षात ही संख्या सुमारे २५,००० झाली. पहिल्या वीस वर्षांत १५ कोटींहून अधिक लोक येथे आले. मात्र त्यांतील बहुसंख्य लोक संग्रहालयात न जाता ग्रंथालय, जिना व चौक यांचाच वापर करत.

या वस्तुस्थितीचे दोन अर्थ लावले गेले. टीकाकारांच्या मते, ग्रंथालयातील वाचक आपोआप चित्रांकडे वळेल ही अपेक्षा फोल ठरली होती आणि लोक केवळ गर्दी व देखावा पाहण्यासाठी येत होते. तत्त्वचिंतक जाँ बोद्रियार यांनी १९७७ मध्येच लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, ज्या जनसमूहाला संस्कृती देण्यासाठी ही वास्तू उभारली तोच आपल्या भाराने तिला मोडून टाकील. समर्थकांच्या मते, विनाशुल्क येऊन बसता येणे, वाचता येणे व शहर पाहता येणे हीच सार्वजनिक केंद्राची कामगिरी असून संग्रहालयाच्या तिकिटांवरून तिचे मोजमाप करणे योग्य नाही.

आणखी एक आक्षेप परिसरावरील परिणामांविषयी आहे. केंद्र व ले आलचा पुनर्विकास यांनंतर आसपासची घरे महागली आणि जुन्या वस्तीतील कामगार व लहान दुकानदार येथून हळूहळू बाहेर पडले. ज्या सामान्य नागरिकांसाठी केंद्र बांधले गेले त्यांच्यापैकी अनेकजण त्याचे शेजारी राहिले नाहीत.

## फेरबदल

मोकळ्या मजल्यांची कल्पना संग्रहालयासाठी गैरसोयीची ठरली. हलत्या पडद्यांवर टांगलेली चित्रे गर्दीत पाहणे कठीण होते आणि ग्रंथालयाच्या उलट, कलाकृतींना स्थिर भिंती व नियंत्रित प्रकाश लागतो. इटालियन वास्तुविशारद गाए आउलेंती यांनी १९८५ पर्यंत संग्रहालयाच्या मजल्यावर कायमच्या भिंती घालून स्वतंत्र दालने तयार केली. मजला बदलता येण्याची सोय मूळ आराखड्यात असल्यामुळेच हा बदल सांगाड्यास धक्का न लावता करता आला.

अतिवापरामुळे १९९७ च्या अखेरीस दुरुस्तीसाठी केंद्र बंद करण्यात आले व १ जानेवारी २००० रोजी पुन्हा उघडले. रेंझो पियानो व जाँ-फ्रांस्वा बोदँ यांच्या देखरेखीखालील या कामात प्रदर्शनांसाठी अधिक जागा मिळाली. त्याचबरोबर दोन महत्त्वाचे बदल झाले. सरकत्या जिन्याने वर जाण्यासाठी तिकीट लागू करण्यात आले. तसेच ग्रंथालयाचे प्रवेशद्वार चौकाऐवजी इमारतीच्या मागील रस्त्यावर नेण्यात आले. यामुळे गर्दीचे नियोजन सुलभ झाले. परंतु वाचक, पर्यटक व वाटसरू एकाच दारातून आत येतील ही मूळ मांडणी संपुष्टात आली. पुढे सुरक्षा तपासणी कडक झाल्याने चौक व इमारत यांतील सहज ये-जा आणखी कमी झाली. ग्रंथालय मात्र विनाशुल्कच राहिले. संग्रहालयही महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य पाहता येऊ लागले.

अॅस्बेस्टॉस काढणे, दर्शनी भागाच्या काचा बदलणे, अग्निसुरक्षा, ऊर्जेची बचत आणि अपंग व्यक्तींसाठी सोयी या कारणांस्तव २०२५ मध्ये इमारत टप्प्याटप्प्याने पुन्हा बंद करण्यात आली. ती २०३० मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. नव्या अंतर्गत आराखड्याचे काम मोरो कुसुनोकी या वास्तुसंस्थेकडे असून मेक्सिकोच्या फ्रिदा एस्कोबेदो त्यात सहभागी आहेत. या काळात ग्रंथालय पॅरिसच्या बाराव्या नगरविभागातील एका इमारतीत हलवण्यात आले आहे.

## भारतीय कलेशी संबंध

२०११ मध्ये केंद्राने ‘पॅरिस-दिल्ली-बॉम्बे’ हे भारतीय व फ्रेंच समकालीन कलाकारांचे प्रदर्शन भरवले. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिकलेल्या नलिनी मलानी यांच्या कामाचे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन २०१७-१८ मध्ये येथे झाले. २०२३ मध्ये सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. रझा यांचे कलाशिक्षण नागपूर व मुंबई येथे झाले होते, तसेच ते मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य होते. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले व तेथे अनेक दशके राहिले.

## प्रभाव

या वास्तूमुळे पियानो व रॉजर्स जगप्रसिद्ध झाले. पियानो यांना १९९८ मध्ये आणि रॉजर्स यांना २००७ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. इमारतीची यंत्रणा उघडी ठेवण्याची शैली पुढे ‘हाय-टेक’ या नावाने ओळखली गेली. फ्रान्समधील मेत्स (२०१०), स्पेनमधील मालागा (२०१५) आणि चीनमधील शांघाय (२०१९) येथे केंद्राच्या नावाने प्रदर्शनस्थळे उघडण्यात आली.

बोबूरनंतर अनेक शहरांनी लक्षवेधी संग्रहालये उभारली. त्यांपैकी बहुतेकांनी वास्तूच्या आगळ्या रूपाचे अनुकरण केले. खुला चौक, विनाशुल्क ग्रंथालय, उशिरापर्यंतची वेळ आणि ओळख न विचारणारे प्रवेशद्वार यांचे अनुकरण त्या मानाने कमी झाले. या गोष्टी बांधण्यास फारशा महाग नसतात, परंतु त्या चालवण्यासाठी दरवर्षी सार्वजनिक निधी आणि तसा निर्णय लागतो. केंद्राचा गेल्या पाच दशकांचा इतिहास पाहता, आराखडा नागरिकांसाठी दार उघडे ठेवू शकतो, मात्र ते उघडे राहणे हे ती वास्तू चालवणाऱ्या संस्थेवर अवलंबून असते, असे दिसून येते.